कॉर्नफ्लोअर : एका नावाची दोन पिठं, आणि त्यापायी होणाऱ्या चुका

मक्याची रोटी करायला म्हणून कॉर्नफ्लोअर आणलं, तर ते परातीत नुसतं ओघळत राहतं, गोळा होतच नाही. उलट मंच्युरिअनच्या रश्शाला मक्याचं पीठ लावलं तर रस्सा गढूळ होतो, जिभेला खरखरीत लागतो आणि त्यावर ती चकाकी काही येत नाही. कस्टर्डची तऱ्हा आणखी वेगळी. रात्री दाट झालेलं असतं, आणि सकाळी फ्रीज उघडून बघावं तर बाजूने पाणी सुटलेलं. अशा प्रत्येक वेळी घरात कुणीतरी म्हणतंच, ‘तुझ्या हाताला जमत नाही.’ हाताचा यात बहुतेक वेळा काहीही दोष नसतो. पहिल्या दोन फजित्या एका इंग्रजी नावामुळे होतात आणि तिसरी स्टार्च नीट न शिजवल्यामुळे. दोन्ही समजून घेतल्या तर पुढचं काम अगदी सोपं आहे.

सगळ्यात मोठी चूक : मक्याचं पीठ म्हणजेच कॉर्नफ्लोअर समजणं

मक्याच्या दाण्याला साल असते, आत अंकुर असतो आणि बाकीचा बराचसा भाग स्टार्चचा, म्हणजे पिष्टाचा असतो. अख्खा वाळलेला दाणा गिरणीत दळला की होतं ते मक्याचं पीठ. त्याला मक्याचा वास असतो, बहुधा पिवळसर रंग असतो, त्यात प्रथिनं असतात आणि थोडं तेलही असतं. आपण मंच्युरिअनसाठी जो पांढराशुभ्र पुडा आणतो, त्यात यातलं जवळजवळ काहीच उरलेलं नसतं. कारखान्यात मका सल्फर डायऑक्साइड मिसळलेल्या कोमट पाण्यात ३० ते ५० तास भिजवतात. मग तो भरडून अंकुर बाजूला काढतात (मक्याचं तेल त्यातूनच निघतं), साल आणि प्रथिनं वेगळी करतात आणि शेवटी राहिलेला स्टार्च धुऊन वाळवतात.

ज्यांच्या घरी उन्हाळ्यात कुरडया होतात त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून, पिळून चोथा बाजूला काढायचा आणि खालचं दूध रात्रभर निवळू द्यायचं. सकाळी वरचं पाणी अलगद ओतून टाकलं की तळाशी घट्ट बसलेला असतो तो चीक. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा वाळवलेला चीक. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. गव्हाच्या चिकाची पोळी लाटायला कुणी बसत नाही, तशी कॉर्नफ्लोअरची रोटी होत नाही.

दुकानात ओळखायचं कसं? पुडा उलटा करून घटकांची ओळ वाचा. तिथे ‘मेझ स्टार्च’ किंवा ‘कॉर्न स्टार्च’ असं छापलेलं असेल तर तो स्टार्च, पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत काहीही लिहिलेलं असो. घटकांची ओळ मोघम वाटली तर पोषणमूल्यांच्या तक्त्यात प्रथिनं बघा. स्टार्चमध्ये १०० ग्रॅमला प्रथिनं १ ग्रॅमपेक्षाही कमी असतात, अख्ख्या मक्याच्या पिठात साधारण ७ ते ९ ग्रॅम. हा आकडा सहसा फसवत नाही.

पीठ सुटं आणलं असेल आणि पुडाच नसेल, तर चिमूटभर अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबून घासा. कॉर्नफ्लोअर बोटांत करकरतं, कोरड्या बर्फावर पाय पडल्यासारखा बारीक आवाज येतो. मक्याचं पीठ नुसतं भुरभुरतं. तरीही शंका असली तर काचेच्या पेल्यात थंड पाणी घेऊन त्यात चमचाभर पीठ ढवळा आणि पेला पंधरा-वीस मिनिटं हलवू नका. कॉर्नफ्लोअर तळाला जाऊन असं गच्च बसतं की चमच्याने खरवडावं लागतं, आणि वरचं पाणी निवळत जातं. मक्याच्या पिठात सालीचे कण तरंगत राहतात, पाण्याला पिवळसर झाक येते आणि खालचा थर सैल असतो.

हा घोळ आला कुठून?

इंग्लंडमध्ये ‘कॉर्न’ या शब्दाचा मूळ अर्थ मका नव्हेच. कॉर्न म्हणजे दाणा, धान्य. ज्या मुलखात जे मुख्य पीक, ते तिथलं कॉर्न. इंग्लंडात बहुधा गहू, स्कॉटलंडमध्ये ओट. ब्रिटनमधले गाजलेले ‘कॉर्न लॉज’ १८१५ ते १८४६ या काळात लागू होते. ते गव्हासकट सगळ्या धान्यांच्या आयातीबद्दलचे कायदे होते, मक्यापुरते नव्हते. मिरीच्या दाण्याला ‘पेपरकॉर्न’ म्हणतात ते यामुळेच. ‘कॉर्न्ड बीफ’मध्ये तर मका औषधालाही नसतो. तिथे कॉर्न म्हणजे मांस खारवायला वापरलेले मिठाचे जाड खडे.

मका मेक्सिकोचा. तिथल्या लोकांनी सुमारे ९,००० वर्षांपूर्वी एका रानगवतापासून तो पिकवायला सुरुवात केली. इंग्रज वसाहतवाले अमेरिकेत गेले तेव्हा त्यांनी या अनोळखी धान्याला ‘इंडियन कॉर्न’, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं धान्य, असं नाव दिलं. पुढे ‘इंडियन’ गळून पडलं आणि अमेरिकेत कॉर्न म्हणजे फक्त मका उरला. ब्रिटनमध्ये मात्र त्याला ‘मेझ’ म्हणत राहिले.

‘फ्लोअर’ची गोष्टही बघण्यासारखी आहे. पीठ या अर्थाचा ‘फ्लोअर’ आणि फूल या अर्थाचा ‘फ्लॉवर’ हे मुळात एकाच शब्दाचे दोन फाटे. दळणातला सगळ्यात बारीक, निवडक भाग म्हणजे त्या दळणाचं जणू फूल, अशी ती कल्पना. दोन वेगळी स्पेलिंगं रुळायला अठरावं-एकोणिसावं शतक उजाडलं, आणि उच्चार आजही एकच आहे. तेव्हा आपल्याकडे किराणा दुकानात कुणी ‘कॉर्नफ्लॉवर’ मागितलं तर त्या माणसाला हसायचं काही कारण नाही.

मक्यापासून स्टार्च काढायचा धंदा उभा राहिला तो अमेरिकेत. थॉमस किंग्जफर्ड नावाचा इंग्लंडमधून आलेला कामगार न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत कोलगेट कंपनीच्या स्टार्च कारखान्यात काम करत होता. तिथे स्टार्च काढला जायचा तो गव्हाचा. किंग्जफर्डने १८४२ मध्ये क्षार वापरून मक्यातून शुद्ध स्टार्च वेगळा करून दाखवला आणि काही वर्षांनी न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्विगोला स्वतःचा कारखाना काढला. सुरुवातीला हा माल स्वयंपाकघरात नाही, परीटघडीत जायचा. कपड्यांना कांजी करायला. खाण्यासाठी तो नंतर विकला जाऊ लागला. म्हणून अमेरिकेत या वस्तूचं नाव ‘कॉर्न स्टार्च’, आणि ‘कॉर्न फ्लोअर’ हे नाव अख्ख्या मक्याच्या बारीक पिठाला मोकळं राहिलं. आज जर्सी सिटीत आणि आसपास राहणाऱ्या मराठी घरांत स्टार्चचा जो डबा असतो, त्या धंद्याचा उगम त्याच गावातला आहे.

ब्रिटनमध्ये तीच वस्तू दुसऱ्या नावाने रुजली. स्कॉटलंडमधलं पेझली हे कापडाचं गाव. मलमलीला खळ द्यायला तिथे स्टार्च लागायचाच. तिथल्या ब्राउन अँड पोल्सन कंपनीच्या जॉन पोल्सनने १८५४ मध्ये मक्याचा स्टार्च शुद्ध करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि खाण्याजोगा तो स्टार्च ‘पेटंट कॉर्न फ्लोअर’ म्हणून विकायला काढला. आजारी माणसांसाठी, लहान मुलांसाठी, पुडिंगसाठी त्याची जाहिरात झाली आणि हे नाव ब्रिटिश साम्राज्यात जिथे तिथे पोचलं. आपल्याकडे इंग्रजी आली ती ब्रिटिशांची, म्हणून आपलंही ‘कॉर्नफ्लोअर’ म्हणजे स्टार्चच. पुढे पुण्याच्या वीकफिल्डसारख्या कंपन्यांनी तेच नाव घरोघरी नेलं.

माझ्या मते हे नाव चुकीचंच पडलं. ‘पीठ’ म्हटलं की माणूस भाकरीचा विचार करणार, आणि ही वस्तू भाकरीची नाहीच. पण आता ते इतकं मुरलं आहे की बदलणं शक्य नाही. निदान त्याचा अर्थ कुठे काय होतो हे तरी माहीत हवं.

देश बदलला की अर्थ बदलतो

रेसिपी कुठून आली आहे हे आधी बघा. मापं कपांत आणि ओव्हनचं तापमान फॅरनहाइटमध्ये असेल तर ती बहुधा अमेरिकन, आणि तिथे ‘कॉर्न फ्लोअर’ म्हणजे मक्याचं बारीक पीठ. ‘कॉर्नमील’ म्हणजे त्याहून भरड, रवाळ. कॉर्नब्रेड यांचाच होतो. त्यात आपलं पांढरं कॉर्नफ्लोअर घातलं तर ब्रेडऐवजी कोरडा, खडूसारखा भुगा हाती येतो. ग्रॅम आणि सेल्सिअसमध्ये लिहिलेली ब्रिटिश रेसिपी असेल तर तिथलं कॉर्नफ्लोअर आणि आपलं एकच.

मेक्सिकन तॉर्तियाचं ‘मासा हरीना’ या दोन्हींपेक्षा निराळं. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, दळून ते करतात. चुन्यामुळे त्या पिठाला चिकटपणा येतो, आणि म्हणून त्याचा गोळा लाटता, दाबता येतो. साध्या मक्याच्या पिठाची तॉर्तिया कडेने तडकते, ती याच कारणाने.

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांनी तर डोळ्यांत तेल घालून लेबल वाचावं. तिथे ‘व्हीटन कॉर्नफ्लोअर’ नावाने गव्हाचा स्टार्च मिळतो. कॉर्न आणि गहू एकाच पुड्यावर! स्पंज केकसाठी तो चांगला असतो, पण घरात कुणाला ग्लूटेन चालत नसेल तर ‘कॉर्न’ हा शब्द वाचून निर्धास्त होऊ नका. तिथला टेबलस्पूनही १५ नव्हे, २० मिलीचा असतो.

अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत आणखी एक गंमत दिसते. एकाच फडताळावर पिवळं मक्याचं पीठ ‘कॉर्न फ्लोअर’ म्हणून आणि पांढरा स्टार्चही ‘कॉर्न फ्लोअर’ म्हणून ठेवलेला असतो. तिथे रंग आणि प्रथिनांचा आकडा, हे दोनच खरे साक्षीदार.

कोरडं कॉर्नफ्लोअर गरम रश्शात टाकणं

आता शिजवण्याकडे वळू. गाठी होण्याचं कारण एकच असतं. स्टार्चचे कण गरम पाण्यात पडताक्षणी बाहेरून फुगतात आणि चिकट होतात. बाहेरचं हे कवच बंद झालं की आतल्या कोरड्या पिठापर्यंत पाणी पोचत नाही. मग कितीही ढवळा, गाठ फुटत नाही.

आधी थंड पाण्यात किंवा थंड दुधात कालवा. एक भाग कॉर्नफ्लोअरला दोन भाग पाणी पुरतं. आणि इथे एक बारीक गोष्ट आहे जी बरेच जण विसरतात. कालवून ठेवलेलं कॉर्नफ्लोअर दोन मिनिटांत तळाला बसतं. ओट्यावर वाटी बाजूला ठेवून भाज्या परतल्या आणि मग ती वाटी तशीच ओतली, तर रश्शात जातं फक्त दुधट पाणी. खरा माल वाटीच्या तळाशी चिकटून राहतो. ‘एवढं घातलं तरी दाट का होत नाही’ म्हणून दुसरी वाटी कालवली जाते, मग तिसरी, आणि शेवटी एकदम घट्ट गोळा. ओतण्याआधी पुन्हा तळापासून ढवळा, रस्सा उकळत असू द्या, धार बारीक सोडा आणि दुसऱ्या हाताने हलवत राहा.

गाठी झाल्याच तर आणखी कॉर्नफ्लोअर घालू नका. रस्सा गाळून घ्या, किंवा भाज्या बाजूला काढून रस्सा मिक्सरमधून एकदाच फिरवा.

उकळी यायच्या आधीच गॅस बंद करणं

पाणी सुटण्याच्या बहुतेक तक्रारींची मुळं इथे आहेत. मक्याच्या स्टार्चचे कण साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला पाणी पिऊन फुगायला लागतात. याच टप्प्यावर पातेल्यातलं दूध दाट दिसू लागतं, आणि झालं असं वाटून गॅस बंद केला जातो. पण पुरतं दाटपण येतं ते ९५ अंशांच्या आसपास, म्हणजे बुडबुडे फुटू लागल्यावर. अर्धवट शिजलेल्या स्टार्चला कच्च्या पिठाची चव राहते, जिभेवर खडूसारखा थर बसतो आणि ते कस्टर्ड टिकतही नाही. कडेने नाही, मधोमध बुडबुडे फुटू द्या आणि त्यानंतर एक ते दोन मिनिटं मंद आचेवर हलवत राहा. शिजल्याची खूण डोळ्यांना दिसते. आधीचा दुधट, मळकट पांढरेपणा जाऊन रस्सा थोडा पारदर्शक होतो, त्यावर चकाकी येते. कुरडईचा चीक शिजला की चकाकतो, हे घरातल्या थोरल्या बायकांना सांगावं लागत नाही. तीच खूण इथे लागू आहे.

अंड्यातला पिवळा बलक घालून कस्टर्ड करत असाल तर ही उकळी अजूनच महत्त्वाची. बलकात अमायलेझ नावाचं एन्झाइम असतं, ते स्टार्च तोडतं. ते निकामी व्हायला कस्टर्डला उकळी यावीच लागते. अंडं फाटेल या भीतीने आच कमी ठेवली की रात्री दाट असलेलं कस्टर्ड सकाळपर्यंत पातळ होतं. नुसतं अंडं असलेलं कस्टर्ड उकळलं तर फाटतं हे खरं, पण स्टार्च सोबत असला की ते उकळी सहन करतं. अंड्याशिवायच्या कस्टर्डची कहाणी मात्र घरगुती आहे. बर्मिंगहॅमचे अल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडं चालत नव्हतं, म्हणून त्यांनी १८३७ मध्ये बिनअंड्याचं कस्टर्ड तयार केलं. आज बाजारात मिळणारी कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः कॉर्नफ्लोअर, त्यात रंग आणि व्हॅनिलाचा वास. घरात कस्टर्ड पावडर संपली तर कॉर्नफ्लोअर आणि व्हॅनिला इसेन्सवर काम भागतं, फक्त पिवळा रंग येत नाही.

असंच दुसरं अमायलेझ आपल्या लाळेत असतं. चव बघितलेला चमचा पुन्हा पातेल्यात घातला, किंवा वाटीतलं कस्टर्ड अर्धं खाऊन उरलेलं फ्रीजमध्ये ठेवलं, तर ते पातळ होणारच. उष्टं वेगळं ठेवायची आपली जुनी शिस्त इथे रसायनशास्त्रालाही धरून आहे. चवीला वेगळा चमचा घ्या.

दाट झाल्यावरही उकळतच ठेवणं

फुगलेले कण नाजूक असतात. बराच वेळ जोरात उकळलं किंवा रवीने घुसळत राहिलं की ते फुटतात आणि दाटपणा उतरतो. म्हणून कॉर्नफ्लोअर शेवटी घालायचं. भाज्या, मसाले, सॉस सगळं होऊन गेल्यावर ते ओतायचं, एक-दोन मिनिटं शिजवायचं आणि उतरवायचं. पार्टीसाठी मंच्युरिअन आधी करून ठेवायचं असेल तर रस्सा आणि गोळे वेगळे ठेवा, आणि कॉर्नफ्लोअर वाढायच्या वेळी लावा.

मंच्युरिअनचा मान मुंबईचा. नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंच्युरिअन पहिल्यांदा केलं असं मानलं जातं. आलं, लसूण आणि हिरवी मिरची हा आपला नेहमीचा पाया, आणि त्यावर गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. पदार्थाची ती चकचकीत ओळख कॉर्नफ्लोअरची आहे. मैद्याने तो रस्सा दाट होतो, पण मळकट दिसतो.

आंबट आधी घालणं

व्हिनेगर, लिंबू, चिंच यांतलं आम्ल उष्णतेच्या जोडीने स्टार्चची लांब साखळी तोडतं. हॉट अँड सावर सूपमध्ये व्हिनेगर घालून दहा मिनिटं उकळलं की सूप पाण्यासारखं होतं. आधी दाट करा, गॅस बंद करा, मग व्हिनेगर. टोमॅटोचं सूप मुळातच आंबट असतं, तिथे कॉर्नफ्लोअर थोडं जास्त लागतं आणि शिजवायचा वेळ कमी ठेवावा लागतो.

साखरेचं वेगळं. साखर पाणी स्वतःकडे ओढते, त्यामुळे स्टार्चला फुगायला जास्त उष्णता आणि जास्त वेळ लागतो. बॉम्बे हलवा, ज्याला कराची हलवाही म्हणतात, त्यात साखर कॉर्नफ्लोअरच्या दुपटीहूनही जास्त असते. म्हणून त्याला अर्धा-अर्धा तास हलवावं लागतं. चमचा-चमचा तूप घालत राहायचं, आणि मिश्रण काचेसारखं होऊन कडेने तूप सोडू लागलं की थांबायचं. दहा मिनिटांत घाईने उतरवलेला हलवा दातांना चिकटतो आणि वडी धरत नाही. पाक पुन्हा साखरेत जमू नये म्हणून त्यात लिंबाचे काही थेंब घालतात. इतक्या थोड्या आंबटाने हलव्याचं काही बिघडत नाही.

प्रमाणाचा अंदाज

सपाट टेबलस्पूनमध्ये कॉर्नफ्लोअर साधारण ८ ग्रॅम मावतं. पातळ सूपला कपाला दीड छोटा चमचा पुरतो, मंच्युरिअनच्या रश्शाला कपाला एक टेबलस्पून. साच्यातून सुटं निघेल असं पुडिंग हवं असेल तर अर्धा लिटर दुधाला ३५ ते ४० ग्रॅम. मैद्याच्या जागी कॉर्नफ्लोअर वापरायचं असेल तर निम्मं घ्या, कारण मैद्यात प्रथिनंही असतात आणि तो स्टार्चइतका दाट करत नाही. आणि दाटपणा नेहमी थोडा कमी वाटेल तेव्हाच थांबा. गार झाल्यावर तो वाढतो.

फ्रीजर आणि तळण

कॉर्नफ्लोअर लावलेला रस्सा गोठवला की वितळताना त्यातून पाणी सुटतं आणि उरलेला भाग स्पंजासारखा होतो. स्टार्चच्या साखळ्या गार होताना पुन्हा एकमेकींना चिकटतात आणि धरलेलं पाणी बाहेर ढकलतात. गोठवून ठेवायचं असेल तर टॅपिओकाचा स्टार्च लावा. साबुदाणा त्याचाच असतो. घरी आइस्क्रीमच्या मिश्रणात कॉर्नफ्लोअर घालतात ते चालतं, कारण तिथे दूध उकळून ते पुरतं शिजवलेलं असतं, सोबत सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) पावडर पाणी धरून ठेवते आणि आइस्क्रीम आपण वितळू देत नाही.

तळणीत नुसतं कॉर्नफ्लोअर लावलं की आवरण कडक होतं आणि तेलात गळून पडतं. मैदा आणि कॉर्नफ्लोअर निम्मं-निम्मं घेतलं तर मैदा धरून ठेवतो आणि कॉर्नफ्लोअर कुरकुरीत करतं. फ्लॉवर, कोबीला मीठ लावून पाणी सुटलं असेल तर आधी घट्ट पिळून घ्या. तेल १७० ते १८० अंशांना असावं. पीठ सोडलं की ते लगेच वर यावं, पण क्षणात काळपट होऊ नये.

जिथे ते नकोच

कढीला कॉर्नफ्लोअर लावलेलं मी पाहिलं आहे, आणि मला ते मनापासून पटत नाही. ताकाची कढी बेसनाचीच. बेसन ताक फाटू देत नाही आणि स्वतःची चवही देतं. आंबट ताकात कॉर्नफ्लोअर पातळ होतं आणि चवीचा तर पत्ताच नसतो. बासुंदीचंही तसंच. आटवलेल्या दुधाचा दाटपणा आणि स्टार्चचा दाटपणा जिभेला लगेच वेगळे कळतात. बाहेरून आणलेल्या बासुंदीत, खव्यात किंवा पनीरमध्ये स्टार्च घातला आहे का अशी शंका आली तर थोडा नमुना पाण्यात उकळून पूर्ण गार करा आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर स्टार्च आहे. हा तपासलेला नमुना फेकून द्या. आयोडीनने स्टार्च मक्याचा की साबुदाण्याचा हे मात्र कळत नाही.

उपवासाला मका चालत नाही, असं मानणाऱ्या घरांत कॉर्नफ्लोअरही चालणार नाही, कारण ते मक्याचंच. तिथे आरारूट, साबुदाण्याचं किंवा शिंगाड्याचं पीठ आहेच. आरारूट जास्त वेळ उकळलं तर लवकर पातळ होतं, तेवढं सांभाळा.

आणखी एक गैरसमज आरोग्याचा. ‘मका पौष्टिक, म्हणून मैद्याऐवजी कॉर्नफ्लोअर’ असं बरेच जण करतात. मक्याचं पोषण साल, अंकुर आणि प्रथिनांत असतं, आणि कॉर्नफ्लोअर करताना तेच काढून टाकलेलं असतं. मागे राहतो निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅमला सुमारे ९० ग्रॅम कर्बोदकं. मधुमेह असलेल्यांनी रोजच्या सूपमध्ये ते चमच्याने मोजूनच घालावं. सूप दाट करायला त्यातल्याच शिजलेल्या भाज्या वाटून घातल्या तर उत्तमच.

डब्यात ठेवताना

कॉर्नफ्लोअरमध्ये तेल जवळजवळ नसतं, त्यामुळे कोरडं, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलं तर ते महिनोन्महिने चांगलं राहतं. वाफेत धरलेला ओला चमचा त्यात घालू नका, गाठी होतात. आणि मसाल्यांच्या शेजारी उघडं ठेवू नका, ते वास पटकन ओढून घेतं. मक्याच्या पिठाचं उलट. त्यात अंकुराचं तेल असतं, त्यामुळे उन्हाळ्यात ते लवकर खवट होतं. थोडंच दळून आणा आणि फ्रीजमध्ये ठेवा. डब्यांवर चिठ्ठ्या लावताना कॉर्नफ्लोअर हा शब्द दोन्हींवर टाळा. एकावर ‘मक्याचं पीठ’ आणि दुसऱ्यावर ‘मक्याचा स्टार्च’ असं लिहा, म्हणजे घरात स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना आणि सुट्टीत मंच्युरिअन करायला निघालेल्या मुलांना विचारावं लागणार नाही.